गोळी आणि आठ आणे

आमच्याकडच्या जुन्या बाया लेकरांचा हिशेब दोन आकड्यांत सांगत. "सात झाली, तीन हायती." मधल्या चारांची चौकशी कुणी करायची नाही. विचारलंच, तर उत्तर यायचं, "गेली." कशानं गेली, कितव्या महिन्यात गेली, याचा तपशील सांगण्याची रीत नव्हती. झरी म्हणजे परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं आमचं गाव. माझ्या लहानपणी तिथं असा हिशेब घरोघर ऐकू यायचा. माणसांच्या नावांतही तो दडलेला असे. गावात दगडू होते, धोंडाबाई होत्या, केरबा होते, उकंडी होत्या. ज्या घरात आधीची लेकरं टिकली नाहीत, तिथं पुढच्याला मुद्दाम असलं नाव ठेवायचं, म्हणजे सटवाईला वाटावं की हे काही नेण्याजोगं नाही.

माझ्या पणजीचा हिशेब होता आठ आणि तीन. आजी तिची लेक, त्या तिघांतली एक. हा हिशेब सांगताना ती एक वाक्य जोडायची, "दोन हितं गेली, तीन ममईत." आमच्या घराचा मुंबईशी आलेला संबंध शेवटच्या दोन शब्दांत संपायचा. पुढं थोरली आत्या आणि आजीच्या तोंडून तुकड्या-तुकड्यांनी जे ऐकलं, आणि त्या काळातल्या मुंबईबद्दल जे वाचलं, ते एकमेकांशेजारी ठेवून पाहिल्यावर त्या तीन लेकरांची गोष्ट मला थोडीफार कळली.

1918 साली पाऊस गेला आणि त्याच वर्षी मानमोडी आली. मानमोडीच्या तापानं देशभर लाखो माणसं मेली. आमच्या घरातही कर्ती माणसं गेली, आणि पणजोबांवर सावकाराचं देणं आलं. तेव्हा आमचा भाग निजामाच्या राज्यात, मोगलाईत. परभणीला मीटरगेज गाडी येऊन वीसेक वर्षं झाली होती. त्या गाडीनं मनमाडला जायचं, तिथं मोठी गाडी धरायची आणि मुंबईत उतरायचं. गिरणगावात रत्नागिरी आणि साताऱ्याकडच्या माणसांची गर्दी मोठी, मोगलाईतले त्या मानानं थोडे. पणजोबांना ओळखीनं गिरणीत काम मिळालं. पणजी सूत गुंडाळायच्या खात्यात, वायंडिंगला लागली. तिथं बायकांवर नाईकीण असायची. काम द्यायचं की नाही हे ती ठरवायची, आणि तिच्या हातावर काही ठेवल्याशिवाय ते मिळायचं नाही. "नाईकिणीला दस्तुरी दिली की जागा, न्हाई दिली की भाईर," असं आजी सांगायची. पणजीनं हे लेकीला इतक्या वेळा सांगितलं होतं की आजी स्वतः गिरणीत गेल्यासारखी त्या नाईकिणीची नक्कल करायची.

पणजी मुंबईत पोहोचली तोवर त्या शहरात गरिबांच्या बाळांची चिंता वाहणारी मंडळी बरीच झाली होती. सुरुवात प्लेगपासून झाली. 1896 च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेग सापडला, आणि गरिबांच्या चाळी म्हणजे श्रीमंतांनाही धोका, हे शहराच्या कारभाऱ्यांना एकदम उमगलं. 1898 मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. पुढं डॉ. जे. ए. टर्नर हे पालिकेचे आरोग्य अधिकारी झाले. 1904 साली सॅनिटरी असोसिएशन स्थापन झालं, आणि त्याचे लोक चाळींतून स्वच्छतेची शिकवण देत फिरू लागले. पालिकेच्या परिचारिका बाळंतिणींच्या खोल्यांपर्यंत पोहोचू लागल्या. पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनानं 1909 पासून बायकांना शिकवायला घेतलं आणि त्यांतल्या कित्येकींना ससून रुग्णालयात परिचारिकेचं आणि सुईणीचं शिक्षण मिळालं. विधवा, परित्यक्ता बायांना त्यातून पोटापाण्याचा मार्ग मिळाला आणि गरीब बाळंतिणींना शिकलेले हात. 1920 च्या सुमारास गव्हर्नरांच्या पत्नी लेडी लॉइड यांच्या पुढाकारानं मुंबईत बालकल्याणाची केंद्रं उघडली. 1924 मध्ये व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी रेडिंग यांनी देशभर 'बेबी वीक' भरवला. त्यात प्रदर्शनं, व्याख्यानं असत, गुटगुटीत बाळांना बक्षिसं मिळत.

हे वारं बाहेरून आलं होतं. फ्रान्समध्ये फेकांप गावी डॉ. लेओं द्युफूर यांनी 1894 साली बाळांसाठी निर्जंतुक दुधाचं केंद्र काढलं होतं. न्यूयॉर्कमध्ये नेथन स्ट्रॉस नावाचा व्यापारी त्याच्या आदल्या वर्षापासून गरीब वस्त्यांत स्वच्छ दूध विकत होता. इंग्लंडात हडर्सफील्डचे महापौर बेंजामिन ब्रॉडबेंट यांनी आपल्या कारकिर्दीत एका वस्तीत जन्मलेल्या प्रत्येक बाळाला चिठ्ठी दिली: वर्षभर जगलास तर एक पौंड. बोअर युद्धाच्या वेळी भरतीला आलेली पोरं अशक्त निघाली, म्हणून साम्राज्याला आपल्या बाळांची काळजी वाटू लागली होती. ती काळजी बोटीतून मुंबईत उतरली तेव्हा तिच्यासोबत एक गृहीतही उतरलं. गरिबाचं बाळ मरतं ते आईच्या अडाणीपणामुळं, आणि आईला शिकवलं की बाळ वाचेल.

पणजीच्या चाळीतही नरसबाई यायची. आजीच्या गोष्टीत ती पांढऱ्या लुगड्यातली, हातात पेटी घेतलेली, आणि मोठ्यानं बोलणारी आहे. कात्री उकळून घ्यायला सांगायची, नाळेवर शेण-राख लावू नका म्हणायची. या सांगण्याचं मोल आजीला ठाऊक होतं. झरीत नाळ विळ्यानं कापायचे, आणि मग आठ-दहा दिवसांच्या लेकराचे जबडे आवळायचे, अंग धनुष्यासारखं वाकायचं. पणजीचं इथं गेलेलं एक लेकरू असंच गेलं. तो धनुर्वात होता हे आम्हाला आज कळतं, तेव्हा सगळे 'सटवीनं नेलं' म्हणायचे. त्यामुळं नरसबाईवर हसण्याची आमच्या घरात पद्धत नाही. तिची उकळलेली कात्री खरी होती.

पण नरसबाई ज्या खोलीत यायची ती खोली कशी होती? 1922 साली सरकारनं नेमलेल्या डॉ. एफ. डी. बार्न्स या डॉक्टरीणबाईंनी गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांची चौकशी केली. त्यांनी पाहिलेल्या एका खोलीचं वर्णन पुढं अनेक पुस्तकांत उद्धृत झालं. चाळीच्या दुसऱ्या मजल्यावरची ती खोली साधारण पंधरा फूट लांब आणि बारा फूट रुंद होती. तिच्यात सहा कुटुंबं राहत. जमिनीवरच्या सहा चुली हाच त्याचा पुरावा. मोठी आणि पोरं धरून तीस माणसं. त्या सहा बायकांपैकी तिघी लवकरच बाळंत होणार होत्या. इथं बाळंतपण कुठं करणार, असं बार्न्सबाईंनी सोबतच्या परिचारिकेला विचारलं, तेव्हा तिनं कोपऱ्यातली तीन बाय चार फुटांची जागा दाखवली. वेळ आली की तिथं आडोसा करायचा. सहा चुलींचा धूर त्या आडोशाला अडणार नव्हता.

आता 1921 सालचे आकडे घ्या. त्या वर्षी मुंबईत नोंदल्या गेलेल्या दर हजार जन्मांमागे वर्षाच्या आतली 666 बाळं मेली. इंग्लंडात हाच आकडा त्या वर्षी शंभराच्या आत होता. खोल्यांप्रमाणे फोड केली तर चित्र आणखी उघडं पडतं. एका खोलीत राहणाऱ्यांत हजारी सुमारे 828, दोन खोल्यांत 322, तीन खोल्यांत 191, चार किंवा जास्त खोल्यांत 133. अडाणीपणा खोल्यांच्या संख्येनं इतका शिस्तीत कमी-जास्त होत नसतो. हे आकडे घराचे, भाड्याचे, पगाराचे होते.

या आकड्यांत एक गोम आहे, आणि ती त्या काळातल्या जाणत्यांनाही ठाऊक होती. गिरणीतल्या पुष्कळ बाया बाळंतपणाला गावी जात. जन्म गावात व्हायचा, म्हणून तो मुंबईच्या वहीत यायचा नाही. महिना-दोन महिन्यांत आई लेकराला घेऊन कामावर परतली आणि ते दगावलं, की मरण मात्र मुंबईच्या वहीत लागायचं. त्यामुळं 666 हा आकडा खऱ्यापेक्षा फुगलेला होता. पण तो कशानं फुगला हे पाहिलं, तर त्यात बायकांचा सगळा प्रवास दिसतो. मुंबईत गेलेल्या पणजीच्या तिघांपैकी दोघांचा जन्म झरीचा. म्हणजे शहराच्या हिशेबात ती दोघं जन्मलीच नव्हती, पण मेली होती. आणि झरीत जन्मून झरीत गेलेल्या दोघांची कुठल्या वहीत नोंद झाल्याचं घरात कुणाला आठवत नाही. त्यांची वही म्हणजे आजीचं ते वाक्य.

आता गोळी. आजी हे सांगताना आवाज उतरवायची नाही, सरळ सांगायची. "माय कामाला जायच्या आदी लेकराला गोळी द्यायची. बाजरीच्या दाण्यायेवढी. लेकरू सांजपतुर गपगार." ही अफूची गोळी. मुंबईत तिला बाळगोळी म्हणत आणि ती विकत मिळायची. झरीकडेही वेचणीच्या दिवसांत झाडाला झोळी बांधून बाया तेच करायच्या. बार्न्सबाईंच्या अहवालातली सगळ्यात गाजलेली ओळ याबद्दलचीच आहे. गिरणीत काम करणाऱ्या बायकांच्या शंभरातल्या अठ्ठ्याण्णव बाळांना अफू दिली जाते, असं त्यांनी नोंदवलं. भूक मारणारी, श्वास मंदावणारी ही गोळी लेकराला दिवसेंदिवस वाळवायची. आतडी सुस्त व्हायची, ते दूध ओढायचं नाही, आणि मग साध्या तापा-खोकल्यानं संपायचं. थोडी जास्त पडली तर त्याच दिवशी.

बेबी वीकच्या व्याख्यानांत अफूवर मोठा भर असे, आणि तो योग्यच होता. परंतु व्याख्यान संपल्यावर बाईनं काय करायचं? गिरणीचा दिवस 1922 च्या कायद्यानंतरही दहा-अकरा तासांचा. जाण्यायेण्याचा वेळ वेगळा. खोलीवर सांभाळायला म्हातारं माणूस असलं तर नशीब, पण म्हातारी माणसं गावी राहिलेली. खात्यात लेकरू नेलं तर सुताची धूळ आणि कानठळ्या बसवणारा आवाज. हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या गिरण्यांनी पाळणाघरं काढली होती, बाकीच्यांत काही नव्हतं. ती गोळी हेच गरीब बाईचं पाळणाघर होतं, एका पैशात मिळणारं. "तुमी गोळी दिऊ नगा म्हनता, मंग लेकरू कुटं ठिवू?" असं पणजीनं नरसबाईला विचारलं होतं म्हणे. नरसबाई काय म्हणाली ते आजीच्या गोष्टीत नाही. बहुधा तिच्याकडे उत्तर नसावं, कारण तिच्या पेटीत ते कुणी घालून दिलेलं नव्हतं.

माझं म्हणणं इथंच आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या सगळ्या धडपडीतून बाळांच्या कामी काय आलं, असं विचारलं, तर उकळलेली कात्री आली, स्वच्छ दूध आलं, दवाखाने आले. परळला नौरोजी वाडिया प्रसूतिगृह 1926 मध्ये सुरू झालं, आणि तीन वर्षांनी शेजारीच बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय. त्या भागातल्या कामगार कुटुंबांच्या पिढ्या तिथं जन्मल्या. पण या सगळ्याचा उपयोग व्हायला आई लेकराजवळ असावी लागते, आणि आई जवळ राहायची तर तिच्या बुडालेल्या रोजाचं कुणीतरी पाहावं लागतं. हा प्रश्न आरोग्य खात्याचा मानला जात नव्हता. तो मजुरीचा होता, म्हणून मजुरीच्या माणसांनी उचलला.

1919 साली वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेत बाळंतपणाच्या रजेचा करार झाला. ना. म. जोशी यांनी 1924 मध्ये दिल्लीच्या विधिमंडळात तशा कायद्याचं विधेयक आणलं. ते पडलं. मग मुंबई कायदे कौन्सिलात आर. एस. आसवले यांनी नव्यानं विधेयक मांडलं, आणि जुलै 1928 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूनं बोलले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, त्यामुळं खरं तर हा बोजा बऱ्याच अंशी सरकारनं उचलायला हवा, हे त्यांनी मान्य केलं. मात्र सरकार तो उचलत नाही तोवर मालकानं उचलावा, कारण कमी मजुरीत बायका मिळतात म्हणूनच मालक त्यांना ठेवतो आणि त्यातून नफा काढतो, असा त्यांचा रोकडा मुद्दा होता. अडाणी आईच्या चर्चेत इतकी वर्षं जे कुणी फारसं बोललं नव्हतं ते सभागृहात बोललं गेलं: बाळाच्या आयुष्याची किंमत आणि आईच्या मजुरीची किंमत या एकाच खात्यात मांडायच्या गोष्टी आहेत.

1929 मध्ये मुंबई इलाख्याचा बाळंतपण फायदा कायदा झाला, देशातला असा पहिला. सहा महिने काम केलेल्या बाईला बाळंतपणाआधी तीन आणि नंतर चार, मिळून सात आठवडे, मुंबईसारख्या शहरात रोज आठ आणे. म्हणजे अर्धा रुपया. पणजीला हे आठ आणे मिळाले नाहीत. तिचं तिसरं बाळंतपण मुंबईतच झालं तेव्हा ती दुखायला लागेपर्यंत खात्यात उभी होती, आणि नाईकिणीला दस्तुरी देऊन पंधरा दिवसांत परतली होती. जागा जाईल ही भीती तिच्या एकटीची नव्हती. गिरणीतल्या बाया कळा येईपर्यंत काम करतात, हे बार्न्सबाईंच्या चौकशीतही आलेलं आहे. ते तिसरं लेकरू गेलं आणि त्यानंतर पणजी झरीला परतली ती कायमची. माझी आजी त्यानंतरची.

कायद्यानं सगळं सरळ झालं असं नाही. बाई ठेवणं महाग पडतं, अशी ओरड मालकांनी सुरू केली. यंत्रं बदलली, पाळ्या बदलल्या, बायकांना रात्रपाळी बंद होती, आणि पुढच्या काही दशकांत मुंबईच्या गिरण्यांतला बायकांचा वाटा घसरत गेला. आंबेडकरांनी म्हटल्याप्रमाणे बोजा सरकारनं घेतला असता, तर बाई मालकाला महाग पडली नसती. पन्नासाहून जास्त बाया जिथं काम करतात तिथं पाळणाघर हवंच, हे कायद्यात यायला 1948 चा कारखाना कायदा यावा लागला. त्याच वर्षी सप्टेंबरात निजामाचं राज्य संपलं. तोवर ब्रिटिश मुलखातला तो आठ आण्यांचा कायदा मोगलाईच्या हद्दीवर थांबत होता. आणि हद्द ओलांडून आला असता तरी गिरणीच्या दारापुढं त्याला वाट नव्हती. झरीच्या रानात वेचणी करणारी बाई त्याच्या लेखी कामगार नव्हतीच.

आज आकडे पार बदलले आहेत. 2020 च्या नमुना नोंदणीत महाराष्ट्रात दर हजार जन्मांमागे 16 बाळं वर्षाच्या आत दगावली. झरीत प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, आशाताई आहेत, धनुर्वाताची लस आहे. दगडू नाव आता कुणी ठेवत नाही. दोन आकड्यांतला हिशेब सांगणाऱ्या बाया गेल्या, आणि तो न सांगावा लागणाऱ्या बाया आल्या, ही लहान गोष्ट नव्हे. आजी हयात असती तर तिनं यासाठी नरसबाईचे आभार मानले असते, आणि मीही मानतो.

तरी दिवाळीच्या आगेमागे परभणी जिल्ह्यातून, गंगाखेडकडून, जिंतूरच्या डोंगराळ भागातून ऊसतोडीला कोयते निघतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल घेतलेली असते, मुकादम ट्रक भरून नेतो, आणि पुढचे पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्राच्या किंवा कर्नाटकाच्या कारखान्याजवळ कोपीत राहायचं. बाई गरोदर असली तरी जोडी तुटत नाही. जोडीतलं एक माणूस फडात नसलं की खाडा पडतो आणि तो उचलीतून कापला जातो. पोटुशा बाया मोळ्या वाहतात, बाळंत होऊन थोड्याच दिवसांत पुन्हा फडात उतरतात. 2017 पासून देशात पगारी बाळंतपणाची रजा सव्वीस आठवड्यांची झाली. ती ज्या कार्यालयांत आणि कारखान्यांत लागू आहे तिथल्या बायांना मिळावीच. उसाच्या फडात मात्र 1929 सालचे सात आठवडेही अजून पोहोचलेले नाहीत. नाईकिणीच्या जागी मुकादम आहे, दस्तुरीच्या जागी खाडा आहे.

या बायांसाठी योजना नाहीत असं कुणी म्हणणार नाही. पहिल्या बाळाला केंद्र सरकारच्या मातृवंदना योजनेतून पाच हजार रुपये मिळतात, अंगणवाडीतून आहार मिळतो, गावात असली तर तपासणी होते. पण यातली बरीचशी रचना बाई गावात आहे असं धरून चालते, आणि तिला सल्ला देणाऱ्यांची संख्या तिचा रोज भरून देणाऱ्यांपेक्षा आजही खूप जास्त आहे. लोह घ्या, विश्रांती घ्या, सहा महिने फक्त अंगावर पाजा. सगळं बरोबर. पणजीनं नरसबाईला विचारलेला प्रश्न त्या प्रत्येक सल्ल्यापुढं तसाच उभा आहे. ज्या दिवशी उचलीच्या कागदावर बाळंतपणाचे सात आठवडे खाड्याविना लिहिले जातील आणि त्यांचे पैसे कारखान्याकडून किंवा सरकारकडून येतील, त्या दिवशी त्या प्रश्नाला पहिल्यांदा उत्तर मिळेल. डॉक्टरीणबाईंचा अहवाल येऊन शंभर वर्षं उलटली आहेत, चौकशी आता पुरे झाली.